सारगासो समुद्रातून

ताई,

बर्म्युडाच्या आग्नेयेला साधारण ८० किलोमीटरवर जहाज थांबलं आहे. खाली साडेचार हजार मीटर पाणी. १९८८ पासून संशोधक याच जागी पुन्हापुन्हा येऊन पाणी तपासतात. इथला निळा रंग रत्नागिरीच्या खाडीकाठी वाढलेल्या डोळ्यांना खराच वाटत नाही. प्लवक विरळ, म्हणून पाणी एवढं निळं. वरच्या थरातल्या एका लिटरमागे फॉस्फेटचा फॉस्फरस बहुधा एक मायक्रोग्रॅमही भरत नाही.

सहाराची धूळ वाऱ्याबरोबर इथवर लोह आणते. त्या लोहावर ट्रायकोडेस्मियम नावाचा सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन बांधतो, आणि मग कमी पडतो तो फॉस्फरस. हाच ट्रायकोडेस्मियम पावसाळ्याआधी गोवा-कोकणासमोर भुशासारखा तरंगतो. पण आपल्या अरबी समुद्रात ओढाताण नायट्रोजनची. खोलवरच्या, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या थरात जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात.

तुझी, मनू

ताई,

तुझी मेल मिळाली. हे जीव मग जगतात कसे, असं विचारलंयस. काल रात्रभर बाटल्यांतलं पाणी गाळताना माझ्याही मनात तेच होतं.

पेशीच्या पटलात फॉस्फरस असतो, असं आपण शिकलो. इथला प्रोक्लोरोकोकस, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, त्या जागी गंधकाचे स्निग्ध पदार्थ वापरतो. गंधक समुद्रात हवं तेवढं. मोठे प्लवक नायट्रोजनवाले स्निग्ध पदार्थ घालतात. बेंजामिन व्हॅन मॉय आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे मांडलं. फॉस्फेट पुरेसं असलेल्या दक्षिण पॅसिफिकमध्ये ही अदलाबदल त्यांना बरीच कमी आढळली. टंचाईत अंग आखडणारे जीव ठाऊक होते. अंग ज्याचं बनतं ते द्रव्यच बदलायचं, हे मला विलक्षण वाटतं.

शिवाय बरेच जण पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय रेणूंवरून विकरांनी फॉस्फेट छाटून घेतात. त्या विकरांना जस्त, नाहीतर कॅल्शियम आणि लोह लागतं. तेही इथे सगळं सहज मिळत नाही. डीएनएत मात्र फॉस्फरसला पर्यायच नाही. प्रोक्लोरोकोकसचा डीएनए मुळातच आखूड, काही वाणांत जेमतेम १७ लाख अक्षरांचा.

वरचं पाणी तापत गेलं की खालचं फॉस्फेट वर येणं आणखी घटेल. तेव्हा या पेशींना अजून किती काटकसर जमेल, ते मला शोधायचं आहे. पहाटे पुन्हा बाटल्या सोडायच्या आहेत. आईला सांग, जेवण नीट होतं.

तुझी, मनू