फुलबाज्या आणि एक बादली

खूप दिवसांनी इथे लिहायला बसलोय. दिवाळी होऊन गेली, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. आधीच सांगतो, पोस्ट लांबणार आहे. आणि आमच्या घरची मंडळी हे वाचतात, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं, अर्ध्यात फोन करू नये.

तर झालं असं. २०२५ च्या सप्टेंबरमधे आमच्या टाउनहाउसच्या असोसिएशनची मीटिंग होती. अशा मीटिंगांना मी सहसा जात नाही. कचऱ्याचे डबे किती वाजता बाहेर ठेवायचे यावर दीड तास बोलणारी माणसं असतात तिथे. पण यावेळी विषयपत्रिकेत एक ओळ होती, आवारात कुठलीही जळणारी शोभेची वस्तू वापरायला पूर्ण बंदी. कारण चार जुलैला कोणीतरी पेनसिल्व्हेनियातून रॉकेटं आणून उडवली होती आणि झुडपांच्या बुंध्याशी घातलेला लाकडाचा भुसा पेटला होता. फार काही झालं नाही, पण फायर ब्रिगेड आली, लोक घाबरले. घाबरणं रास्तच होतं.

पण पूर्ण बंदी म्हणजे फुलबाजीसुद्धा गेली. आमच्या वसाहतीत निम्मी घरं आपलीच. मराठी, गुजराती, तेलुगू सगळी. व्हॉट्सॅपवर खळबळ उडाली आणि "तू बरा बोलतोस" असं म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं.

मी अभ्यास करून गेलो. (बायकोच्या मते, ऑफिसच्या कामापेक्षा जास्त.) अमेरिकेत फटाक्यांचा कायदा ही एक गंमतच आहे. केंद्र सरकार ठरवतं की फटाक्यात काय आणि किती असावं. तो विकायचा, बाळगायचा, उडवायचा की नाही, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं, वर गावाचे नियम वेगळे. मॅसॅच्युसेट्समधे आजही साधी फुलबाजी बेकायदा आहे. न्यू जर्सीतही २०१७ पर्यंत तेच होतं. म्हणजे मी इथे २००३ साली आलो तेव्हापासून चौदा वर्षं आम्ही दर लक्ष्मीपूजनाला पोराबाळांच्या हातात फुलबाज्या देऊन रीतसर गुन्हा करत होतो. आणि त्या फुलबाज्या आणायच्या कुठून? नदीपलीकडून.

पेनसिल्व्हेनियाचा तेव्हाचा कायदा तर एखाद्या प्रहसनात शोभला असता. २००४ च्या दुरुस्तीनंतर तिथली दुकानं मोठी रॉकेटं आणि फटाके फक्त परराज्यातल्या माणसाला विकू शकायची. स्वतःच्या राज्यातल्या माणसाला परमिटशिवाय नाही! २००९ साली मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने लायसन्स मागितलं, न्यू जर्सीचं बघितलं आणि हसून आत सोडलं. पेनसिल्व्हेनियाचं असतं तर बाहेरचा रस्ता. थोडक्यात काय, उडवायचंय तर आमच्या अंगणात नको, शेजाऱ्याच्या अंगणात उडवा, आम्हाला फक्त पैसे द्या. मी चार पाकिटं फुलबाज्या घेतल्या, डेलावेअर नदीचा पूल ओलांडला आणि आपल्या राज्यात शिरताच गुन्हेगार झालो. डिकीत सोनं असल्यासारखी गाडी चालवली होती. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांनी तो कायदा बदलला, आपल्या लोकांनाही विकायला लागले आणि वर १२ टक्के जादा कर बसवला.

न्यू जर्सीने २०१७ च्या जूनअखेरीस थोडी ढील दिली. वय १६ पूर्ण असेल तर हातात धरायच्या किंवा जमिनीवर ठेवायच्या फुलबाज्या, धुराच्या वस्तू, आपटबारासारख्या किरकोळ आवाजाच्या वस्तू चालतात. आणि यादीत पुढे काय असावं? नागगोळी! कायद्याच्या भाषेत "स्नेक्स". वाचून मी एकटाच खोखो हसलो. ट्रेंटनच्या विधानसभेने नागगोळीवर कायदा केलाय हे आमच्या आजीला सांगायला हवं होतं. हवेत उडणारं आणि धडामकन वाजणारं मात्र इथे आजही बेकायदाच.

हे सगळं मी मीटिंगमधे सांगितलं. लोक ऐकत होते, पण चेहरे दगडाचे. मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. ताईच्या हाताची गोष्ट.

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९८३ ची दिवाळी, सातारा. मी आठ वर्षांचा, ताई चौदाची. भाऊबिजेची संध्याकाळ. ताईने भुईनळा पेटवला, तो वर उडायच्या ऐवजी फुटला. उजवा तळहात आणि दोन बोटं भाजली. बोटं अजून पूर्ण सरळ होत नाहीत. बाबा दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या फटाक्याच्या स्टॉलवर गेले आणि त्या माणसाला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. भेसळीचा माल विकतोस, पोरं मारतोस. मग अर्जही केला. पुढच्या दिवाळीत तो स्टॉल नव्हता. त्याला परवाना दिला नाही की त्यानेच मागितला नाही, देव जाणे. आमच्या घरात पुन्हा फटाके आले नाहीत.

मी मीटिंगमधे म्हणालो, तिकडे तेव्हा माल तपासणारं कोणी नव्हतं म्हणून माझ्या बहिणीचा हात गेला. इथे तपासतात. म्हणून इथली फुलबाजी आणि तिथला भुईनळा एकाच मापाने मोजू नका. बंदी नको, नियम करा.

शांतता पसरली. एक वयस्कर बाई डोळे पुसत होत्या. प्रस्ताव बदलला गेला. पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवून, फक्त फुलबाज्या. टाळ्या वगैरे. घरी येताना मुलगी (वय १२, हट्टाने बरोबर आली होती) म्हणाली, "बाबा, यू वॉज सो गुड. आत्याला सांगूया ना."

आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

कारण ती गोष्ट खरी नाही.

ज्यांचं बालपण तिकडे गेलंय त्यांना माहीत असेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणं, अंघोळ, फटाके आणि फराळ झाला की आमच्या वयाच्या पोरांचा खरा उद्योग सुरू व्हायचा. रस्त्यावरचे न उडालेले फटाके वेचायचे. फुसके लवंगी, विझलेले सुतळी बाँब. ते मधे मोडून आतली दारू कागदावर काढायची आणि पेटवायची. भस्सकन उजेड. मी त्यावर्षी तीन दिवस दारू साठवली होती, काडेपेटीत. सुतळी बाँबची दारू राखाडी चंदेरी असते, बोटाला लागली की पेन्सिलीच्या शिशासारखी चमकते. आणि जळून गेलेला एक मातीचा भुईनळा मिळाला होता. रिकामा. त्यात मी ती सगळी दारू भरली आणि काडेपेटीच्या टोकाने नीट ठासली. मला वाटलं, दुप्पट उंच उडेल. वरून कागदाची वात लावली, आणि नव्या भुईनळ्यांबरोबर ठेवून दिला.

संध्याकाळी मी तो उचलला, अंगणात ठेवला आणि पेटवायच्या वेळी कच खाल्ली. ताई म्हणाली, "सरक, मी लावते." मी सरकलो.

बस. एवढंच.

हॉस्पिटलमधे तिला आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तो क्षण लख्ख आठवतो, कारण ती भाजल्यावर नाही पण सुई बघून रडली. परवा वाचत होतो, अमेरिकेत १९०३ च्या चार जुलैच्या धामधुमीत चारशेहून जास्त माणसं गेली आणि त्यातली बहुतेक धनुर्वातानेच. खेळण्यातल्या पिस्तुलाच्या बाराने हाताला जखम व्हायची, आणि मग आठ-दहा दिवसांनी पोरगं जायचं. तिथले डॉक्टर दरवर्षी ही यादी छापायचे. मग १९०८ साली क्लीव्हलंडमधे एका दुकानात फटाक्यांना आग लागून सात जण मेले आणि त्या शहराने बंदी घातली. इथल्या कायद्यांची मुळं अशा याद्यांमधे आहेत, कोणाच्या तरी पोरांच्या. असो, भरकटलो.

बाबांनी विचारलं होतं, भुईनळा कुठला? मी म्हणालो, पुडक्यातला. आठ वर्षांच्या पोराचं एक वाक्य. आणि बाबा चपला घालून बाहेर पडले. पुढे बारसं असो, मुंज असो, कोणी फटाक्यांचा विषय काढला की बाबा ही गोष्ट सांगायचे, आणि मी तिथे बसून मान डोलवायचो. बाबा गेले २०१४ साली. त्यांना सांगायचं राहूनच गेलं. खरं म्हणजे राहिलं नाही, सांगितलं नाही.

मीटिंगनंतर आठवडाभर झोप धड नव्हती. एक विचार असा यायचा की म्हणजे माझा मुद्दाच खोटा. माल तपासून काय उपयोग, आठ वर्षांचं उपद्व्यापी पोर कोण तपासणार? सोळा वर्षांची अट मी साठवलेल्या काडेपेटीला कशी लागू होणार? पण मग आकडे परत बघितले आणि वाटलं, नाही, पूर्ण खोटाही नाही. इथे साध्या वाजणाऱ्या फटाक्यात ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू घालता येत नाही. चिमूटसुद्धा नाही ती. आपल्याकडे १९९९ पासून मर्यादा आहे ती आवाजाची, चार मीटरवर १२५ डेसिबल. म्हणजे आपण कानाचा विचार केला आणि यांनी हाताचा. मी १९८३ साली न्यू जर्सीचा मुलगा असतो, तर तेवढी दारू जमवायला मला शेकड्याने फुसके फटाके वेचावे लागले असते. कंटाळून घरी गेलो असतो.

तरी खोटं ते खोटंच. आणि २०१८ साली सुप्रीम कोर्टाने माळांवर बंदी घातली, रात्री ८ ते १० ची वेळ घालून दिली, तेव्हा "बघा, मी तरी काय म्हणत होतो" असं मीच सगळ्यांना फॉरवर्ड केलं होतं. कुठल्या तोंडाने?

शेवटी वसुबारसेच्या दिवशी ताईला फोन केला. मुलगी शाळेत, बायको कामावर. ताई तिकडे आकाशकंदील लावून नुकती बसली होती. चाळीस वर्षांचं वाक्य बोलायला मला पाच मिनिटं लागली. हवापाणी झालं, गुडघेदुखी झाली, मग एकदाचं सांगितलं.

ती गप्प. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "अरे, मला माहितीय."

"कसं?"

"तू हॉस्पिटलात माझ्या कॉटवर बसला होतास. माझा डावा हात धरून. तुझी बोटं चंदेरी होती. आईने दोनदा धुतली तरी चार दिवस तशीच होती."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "बाबांनी तुला सोलला असता. आणि मग एकदा ते त्या दुकानदाराकडे जाऊन आले, नंतर काय बोलणार? दोघंही अडकलो." मग थोडं थांबून, "माझ्या बोटांचं सोड रे, पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी याच हाताने, कोणाला कळलंसुद्धा नाही. त्या माणसाचं मात्र वाईट झालं. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. दिवाळीनंतर ती माझ्याशी बोलायची नाही आणि मला कारण माहीत होतं."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या गोष्टीत त्या माणसाला मुलगी नव्हतीच. एक स्टॉल होता आणि एक गुन्हेगार होता.

मी म्हणालो, हे सगळं लिहू का? म्हणाली, "लिही. काकू-मामा सगळे वाचतील ना? मग त्या माणसाचं आधी लिही, माझ्या हाताचं नंतर." ते जमलं नाही, ताई. क्रम चुकलाच. पण लिहिलंय.

मुलीला त्याच रात्री सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "सो आत्या न्यू?" आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. लक्ष्मीपूजनाला पार्किंगच्या कोपऱ्यात सगळी जमली, फुलबाज्या झाल्या, विझलेल्या तारा बादलीत चर्रचर्र टाकल्या. मुलीने दोनच लावल्या. हात लांब धरून, माझ्याऐवजी आईशेजारी उभी राहून.

असोसिएशनच्या सेक्रेटरीलाही मेल लिहिली. की मी सभेत सांगितलेली घटना अशी नव्हती, अशी होती, आणि त्यावर मतदान झालं असल्यामुळे हे कळवणं मला भाग आहे. पाठवताना हात थरथरत होता म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, नोंद घेतली आहे, नियम आहे तसाच राहील. आणि खाली एक प्रश्न, बादली प्लास्टिकची चालेल की पत्र्याचीच हवी?