७७४ च्या आधी २१२

मुंबई

चि. मुग्धा हिस,


तुझं पत्र आणि भाषणाचं टिपण मिळालं. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर बोलणार आहेस, हे वाचून आनंद झाला. सुरुवात गावसकरांच्या ७७४ धावांनी केली आहेस. पदार्पणाच्या मालिकेत, अवघ्या चार कसोटींत एवढ्या धावा म्हणजे आजही नवलच. पण मडगावात राहणाऱ्या पोरीच्या टिपणात मडगावातच जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंचं नाव एकदाही येऊ नये, हे काही बरं नाही.

अगं, दौऱ्याची खरी सुरुवात किंग्स्टनला झाली. फेब्रुवारीतली पहिली कसोटी. पहिला दिवस पावसात गेलेला. बोटाच्या दुखण्यामुळे गावसकर संघात नव्हतेच. भारत पाच बाद ७५. तिथून सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी १३७ धावांची भागी केली. मग प्रसन्नाला हाताशी धरून सरदेसाईंनी आणखी १२२ जोडल्या. भारत ३८७, त्यात सरदेसाई २१२. दौऱ्याला नेतील की नाही अशी ज्यांच्याबद्दल शंका होती, त्यांची ही खेळी!

वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर आटोपला. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेल्याने इथे १५० पुरत होती, आणि आपल्याकडे १७० होती. आपले कर्णधार अजित वाडेकर प्रतिस्पर्धी कर्णधार सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि पुन्हा फलंदाजीला या, म्हणून सांगून आले. सामना अनिर्णित राहिला. पण वेस्ट इंडीजला आपण फॉलोऑन दिल्याची ती पहिलीच वेळ. हा संघ हरू शकतो, हे आपल्या पोरांना तिथे कळलं.

पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, त्याची प्रचिती आली. सरदेसाईंनी ११२ काढल्या, सलीम दुराणींनी लॉइड आणि सोबर्स यांना झटपट परत पाठवलं आणि नवख्या गावसकरांनी ६५ व नाबाद ६७ धावा करून विजय घरी आणला. वेस्ट इंडीजवरचा तो आपला पहिला कसोटी विजय. ब्रिजटाउनला डाव पुन्हा कोसळला, तेव्हा सरदेसाईंनी १५० केल्या. मालिकेत त्यांच्या एकूण ६४२ धावा झाल्या. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरांनी ३८ धावांत सहा बळी घेतले, ते सगळ्यांना पाठ आहे. त्या सामन्यातल्या सरदेसाईंच्या ५४ आणि ४० कुणाला आठवतात?

विसर पडण्याचं कारण सरळ आहे. गावसकर १९८७ पर्यंत खेळले आणि विक्रमांवर विक्रम रचत गेले. सरदेसाईंची शेवटची कसोटी १९७२ ची. एकूण ३० कसोटी, २००१ धावा. लोक लांब कारकीर्द लक्षात ठेवतात. वेळेला धावून आलेला माणूस मागे पडतो.

तेव्हा भाषण किंग्स्टनपासून सुरू कर. गावसकरांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होणार नाही, आणि तुझ्या गावच्या माणसाला त्याचं देणं मिळेल.

तुझा,
मामा