अंगण आणि अंगळ

आमच्या निपाणीच्या घराच्या चौकावर स्लॅब टाकायचा, असं आमच्या ह्यांनी ठरवलं होतं. मुलाचं लग्न तोंडावर आलेलं. स्लॅब पडला की वर एक खोली निघणार होती. सासूबाईंचं मात्र एकच पालुपद, "अंगळ मुच्चब्याडप्पा." चौक झाकू नको रे बाबा! मी मराठी माहेरची, कन्नड सासरची. माझं अंगण आणि त्यांचं अंगळ एकच, पण खोली मलाही हवी होती.

त्याच सुमारास लेकीकडे दादरला गेले. गोखले रोडवरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये सहज डोकावले. चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बेळगावच्या कॅम्पातलं सेंट मेरीज येतं, दगडी, टोकदार कमानींचं. इथे आत शिरले तर छताखालून मोकळ्या चौकात, चौकातून पुन्हा छताखाली! काँक्रीटची छतं वर निमुळती होत गेलेली. वरूनच उजेड उतरतो आणि गरम हवाही वरच निघून जाते.

हे चर्च चार्ल्स कोरियांचं. घराणं गोव्याचं, जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. अमेरिकेत शिकून आल्यावर १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं. साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय १९६३ मध्ये उभं राहिलं. तिथेही कौलारू छपरं आणि मधे मोकळे चौक. दादरचं चर्च १९७७ मध्ये पूर्ण झालं. आपण गोव्याला गेलो की पाहतो ती पणजीची कला अकादमीही त्यांचीच. २०१५ मध्ये ते गेले.

मी त्या चौकात बराच वेळ बसले. एवढा शिकलेला माणूस देवाच्या घरातही आभाळाला जागा ठेवतो, आणि आम्ही असलेलं आभाळ बुजवायला निघालो होतो!

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते लगेच ऐकणारे नव्हतेच. दोन दिवस अबोला झाला. शेवटी कडेनं पत्र्याची पडवी काढली आणि चौक राहिला. मुलासाठी माजघराची खोली करून दिली.

आज सासूबाई नाहीत. पावसाळ्यात शहाबादी फरशी ओली होते, तेव्हा सूनबाई कुरकुरते. पण उन्हाळ्यात संध्याकाळी नातवाला घेऊन तीच तिथे चटई टाकते. नातू त्या जागेला अंगळ म्हणतो. मी दुरुस्त करत नाही.