एका वर्गातली दोन मुलं

ओहायोतल्या डेटन शहराचं नाव निघालं की राइट बंधू आठवतात. मला मात्र त्यांच्यासोबत आणखी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही: पॉल लॉरेन्स डनबार. कवी, आणि ऑर्व्हिल राइटचा वर्गमित्र.

डेटनच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये त्या वर्गात काळा विद्यार्थी एकटा पॉल. आईवडील केंटकीतल्या गुलामगिरीतून आलेले. आई मटिल्डा लोकांचं धुणं धुऊन संसार ओढायची. मुलगा शाळेच्या नियतकालिकाचा संपादक झाला, साहित्य मंडळाचा अध्यक्ष झाला. ऑर्व्हिलला नाद छपाईचा. डेटनच्या काळ्या वस्तीसाठी पॉलला साप्ताहिक काढायचं होतं. डिसेंबर 1890 मध्ये राइट बंधूंच्या छापखान्यात ‘डेटन टॅटलर’ छापलं गेलं. तीन अंक निघाले, पैसे संपले, साप्ताहिक मिटलं.

ते तीन अंक मला फार मोलाचे वाटतात. तेव्हा विमान नव्हतं, कवितासंग्रह नव्हता. कुणाच्याच कपाळी कीर्ती उमटलेली दिसत नव्हती. तरी एकाच्या शब्दांना दुसऱ्याच्या छापखान्यातले खिळे मिळाले. मोठी माणसं मोठी होण्याआधी एकमेकांना काय देतात, ते इथे दिसतं.

पुढे वाटा फुटल्या, आणि त्या सारख्या नव्हत्या. ऑर्व्हिलनं शाळा पुरी केली नाही. तरी 1892 मध्ये भावाबरोबर सायकलचं दुकान थाटलं. पॉल 1891 मध्ये शाळेतून उत्तीर्ण झाला. पण हाती लेखणी असलेल्या या मुलाला रंगामुळे मनाजोगी नोकरी मिळेना. मिळाली ती कॅलहन इमारतीतली लिफ्ट चालवायची, आठवड्याला चार डॉलरवर. वर-खाली करता करता, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो कविता लिहायचा. ‘ओक अँड आयव्ही’ हा पहिला संग्रह त्यानं लिफ्टमधल्या माणसांना एकेक डॉलरला विकला आणि छपाईचं देणं फेडलं.

1896 मध्ये समीक्षक हॉवेल्स यांनी त्याला देशभर नाव मिळवून दिलं. पण कौतुक झालं ते बोलीतल्या कवितांचं. प्रमाण इंग्रजीतलं त्याचं काव्य लोकांनी बाजूला सारलं, आणि हा सल त्याला अखेरपर्यंत टोचत राहिला. पिंजऱ्यातल्या पाखरावरची त्याची कविता 1899 ची. माया अँजेलोच्या आत्मचरित्राचं शीर्षक तिच्यातूनच आलं.

5 ऑक्टोबर 1905 रोजी डेटनजवळच्या हफमन प्रेअरीवर विल्बर राइट 39 मिनिटं हवेत राहिला, 24 मैल उडाला. त्याच शहरात, आईसाठी घेतलेल्या घरी, पॉल क्षयानं झिजत होता. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी 1906 मध्ये, तो गेला. वय अवघं 33.

1992 मध्ये डेटनमध्ये जे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान जाहीर झालं, त्यात राइट बंधूंचं सायकलचं दुकान आहे, हफमन प्रेअरी आहे, आणि डनबारचं घरही आहे. हे मला अतिशय योग्य वाटतं. माणसाला उडवणारी विद्या आणि उडू न देणाऱ्या पिंजऱ्याची वेदना, दोन्ही एकाच वर्गात बसून मोठ्या झाल्या. पहिलीचा अभिमान मिरवणाऱ्या शहरानं दुसरीचा हिशेबही आपल्याच नावावर मांडायला हवा.