नावाची बत्तिशी

माणसाच्या तोंडात बत्तीस दात, तशी आता त्याच्या नावालाही बत्तीस अक्षरं फुटतात, हे मला उमरीत बसून कळलं. आमचा पुतण्या संगणकाच्या नोकरीत. दिवाळीला आला, तरी मांडीवर तेच यंत्र. पडदा काळाकुट्ट, चित्र नाही, बटण नाही. पाटीवर लिहावा तसा हुकूम टाईप करायचा, पुढे नाव द्यायचं, की खाली आकडे आणि ए ते एफ ह्या अक्षरांची बत्तीस मण्यांची माळ हजर! तेच नाव उद्या द्या नाहीतर अमेरिकेत द्या, माळ तीच. एक वेलांटी बदला, की सगळीच निराळी. आणि माळ उलटी फिरवून नाव काढता येत नाही. पिठाचा पुन्हा गहू होतो का?

असली एक गिरणी, एमडी५, रॉन रिव्हेस्ट ह्यांनी १९९१ साली बांधली. नाव म्हणून काहीच दिलं नाही, तरी ती 'डी४१डी८सीडी९८एफ००बी२०४' अशी सुरू होणारी माळ देते. म्हणजे बारसं न झालेल्या बाळाचीही सोय! २००४ साली वांग श्याओयुन ह्या चिनी बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन निराळ्या मजकुरांना एकच माळ पडते, हे दाखवून दिलं आणि गिरणीची पत गेली.

काकू शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "अन् गाव कोनतं लिवलं रे?"

पुतण्या गारच झाला. महाराष्ट्रात उमऱ्या काय थोड्या आहेत? आमची मुदखेड-धर्माबादच्या मधली. पण ते सांगावं लागतं. 'युयूआयडी'च्या पाचव्या प्रकारात म्हणे नेमकं हेच करतात. नावाआधी 'नेमस्पेस' द्यायची, म्हणजे आपल्या भाषेत गाव-कूळ, आणि दोन्ही मिळून एकच दळण. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी गाव विचारणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

मग काकूचं नाव घातलं. रेशनकार्डावर तिची वेलांटी पहिली, पासबुकात दुसरी. त्या वेलांटीपायी काकांच्या मागे पेन्शनसाठी ती दोन वर्षं "मी तीच" म्हणत एका कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती. गिरणीतून दोन माळा निघाल्या. एकीचं दुसरीशी दूरचंही नातं नाही.

"माज्याकडं बगून सांगत न्हाई का ते?"

"आजी, ते बघत नाही, नुसतं वाचतं."

"मंग त्या सायबावानीच की," असं म्हणून काकूनं शेंगांचं सूप त्याच्यापुढे सरकवलं.