पिशवी काढली, म्हणजे कोणती?

आमच्या घरात प्रत्येकाची प्रकृती लहानपणीच ठरून जाते. बाबा वाताचे, दादा कफाचा, आई आणि मी पित्ताच्या. मग त्या माणसाच्या सगळ्या दुखण्यांना ते एकच नाव. आई रात्री उठून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची आणि सकाळी चहाच्या वेळी एवढंच म्हणायची, "काही नाही गं, पित्त उसळलं होतं." मोरावळा, आवळा-सुपारी, कोकम सरबत, थंड दूध हे आमचं औषधांचं कपाट. त्यामुळे मला पहिल्यांदा कळ आली तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

त्या दिवशी मामेबहिणीच्या साखरपुड्याला दाल-बाफले होते. इंदूरच्या माणसाला सांगायला नको, बाफल्यावर तूप घालत नाहीत, बाफला तुपात बुडवतात. रात्री दीडच्या सुमारास छातीच्या खाली, उजव्या बरगड्यांच्या कडेला दुखायला लागलं. ते पाठीत, खवाट्यापर्यंत गेलं. जळजळ अजिबात नव्हती. आत कुणीतरी मूठ घट्ट आवळून धरली आहे आणि सोडायचं विसरलं आहे, असं वाटत होतं. बसून बरं वाटेना, झोपून बरं वाटेना, उलटी झाली तरी फरक नाही. तीन तासांनी जसं आलं तसं गेलं.

दुसऱ्या वेळी, तीनेक आठवड्यांनी, नवऱ्याने सरळ गाडी काढली. ईसीजी व्यवस्थित निघाला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "रात्री जेवण काय होतं? त्यानंतर किती वेळाने दुखलं?" आणि उपाशीपोटी सोनोग्राफी लिहून दिली. उपाशीपोटी का, तर जेवल्यावर पित्ताशय आकसतं, उपाशी असताना ते भरलेलं असतं आणि आतलं नीट दिसतं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, मल्टिपल कॅलक्युलाय, सगळ्यात मोठा 14 मिलिमीटर.

आपल्या मराठीने इथे एक घोळ घालून ठेवलाय. आपण ज्याला रोज 'पित्त झालं' म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. यकृतात तयार होणारं हिरवट-पिवळं पित्त ही वेगळीच गोष्ट आहे, ते आम्लाच्या उलट, किंचित अल्कधर्मी असतं. आणि आयुर्वेदातलं पित्त ही तिसरीच कल्पना. तिघांना एकच शब्द. म्हणून पित्ताशयाच्या दुखण्यावर घरोघरी ॲसिडिटीची गोळी घेतली जाते, कळ आपली आपण तीन तासांनी थांबते आणि श्रेय गोळीला मिळतं.

मुलीच्या शाळेच्या सुट्ट्या आणि नवऱ्याची टूर बघून सर्जननी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा कळ थांबलीच नाही तर तारखेची वाट न बघता निघून या, असं बजावलं. ते दोन महिने मी तळलेलं, साय, चीज, पनीर यांच्यापासून लांब राहिले. सकाळचे पोहे चालत होते, वरची मूठभर सेव आणि शेजारची जिलेबी गेली. सेवेशिवाय पोहे खाणाऱ्या माणसाकडे इंदूरमध्ये लोक आजारी म्हणूनच बघतात, तेव्हा बातमी आपोआप पसरली.

आणि सल्ले सुरू झाले. कुळथाचं कढण घे, पानफुटीची पानं चाव, दिवसाला चार लिटर पाणी पी. चुलत दिराने बिअर सुचवली, तेही सासूबाईंसमोर. हे सगळे मुतखड्याचे उपाय. मूत्राचा मार्ग आणि पित्ताचा मार्ग कुठेच एकमेकांना मिळत नाहीत, पाणी कितीही प्यायलं तरी ते पित्ताशय धुवून काढत नाही. एका काकूंनी सफरचंदाचा रस आणि ऑलिव्ह तेलाचा प्रयोग पाठवला, सोबत शौचातून पडलेल्या हिरव्या 'खड्यां'चा फोटो. त्या गोळ्या म्हणजे त्याच तेलाचा पोटात झालेला साबण असतो. काकूंना मी तसं लिहिलं नाही, नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवला.

माझा स्वतःचा प्रश्न मात्र खरा होता. मुतखडा बाहेरून लहरींनी फोडतात, मग हा का नाही? सर्जननी कागदावर आकृती काढली. पित्ताची नळी अरुंद असते आणि आतड्यात उघडण्यापूर्वी तिला स्वादुपिंडाची नळी येऊन मिळते. एखादा लहान खडा तिथे अडकला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणजे फोडून तुकडे करणं हा इथे धोकाच. काही छोट्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर विरघळवणारी गोळी आहे, पण ती महिनोन्महिने घ्यावी लागते आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होतात. जी पिशवी एकदा खडे बनवायला लागली, ती बनवतच राहते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार प्रामाणिक वाटली. "खडे नुसते रिपोर्टमध्ये दिसले आणि तुम्हाला काहीच त्रास नसता, तर बहुतेक मी तुम्हाला घरी पाठवलं असतं."

मग शरीराचं काय, पित्ताशय नसलं तर? सुटसुटीत उत्तर मला आमच्या गच्चीवर सापडलं. इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून घरोघरी टाकी. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पित्ताशय त्यातलं काही घट्ट करून साठवतं, मावतं जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर, आणि तूप-तेल पोटात गेलं की पिळून आतड्यात सोडतं. टाकी काढली तरी पाणी येतच असतं. नळ थेट जोडला जातो, धार बारीक पण सतत. फक्त एकदम बादलीभर लागलं तर मिळत नाही.

माझ्या आत्याचं हेच ऑपरेशन 1980च्या दशकात झालं होतं. उजव्या बरगडीखाली वीतभर तिरका व्रण, दहा दिवस दवाखान्यात, दोन महिने अंथरूण. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केली. आत्या काही वर्षं आधी आजारी पडली, एवढाच फरक. माझ्या पोटावर चार भोकं, सगळ्यात मोठं बेंबीपाशी. गरज पडली तर पोट उघडावं लागेल, या कागदावर सही मात्र मलाही करावी लागली, आणि त्या सहीला माझा हात थरथरला.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. ऑपरेशनच्या वेळी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, त्याने पोट आणि छातीमधला पडदा चाळवतो आणि त्याची कळ खांद्यात उमटते. हे आधी माहीत होतं म्हणून घाबरले नाही. संध्याकाळी नर्सने धरून चालवलं, दुसऱ्या दिवशी घरी. बाटलीत भरून दिलेले खडे नवऱ्याने मोजले, एकोणीस. भिजवलेल्या हरभऱ्याच्या रंगाचे. आमची साडेतीन वर्षांची लेक म्हणाली, "आई, तू माती खाल्ली होतीस?"

खरं अवघड तिच्यामुळेच गेलं. तीन-चार आठवडे वजन उचलायचं नाही, आणि तिचं वजन चौदा किलो. दुखणं, टाके, खोकताना पोटावर उशी दाबून धरणं, हे सगळं जमलं. ती दोन्ही हात वर करून समोर उभी राहायची तेव्हा काय करायचं ते कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नव्हतं. पहिले दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवशी रुसून आजीकडे गेली. मग आईने पलंगाशी पाट ठेवला. मी पलंगावर बसायचं, तिने पाटावरून चढून शेजारी यायचं, डाव्या बाजूने. उजवी बाजू 'खड्ड्यांची' म्हणून तिने स्वतःच वर्ज्य केली.

दहाव्या दिवशी घरून काम सुरू केलं. लॅपटॉप मांडीवर घेतला की बेंबीपाशी टोचायचं, म्हणून टेबल बरं. जेवण मऊ वरणभातापासून वाढवत नेलं. सहाव्या आठवड्यात चार पुऱ्या खाल्ल्या आणि तासाभरात दोनदा धावावं लागलं, थेट नळाचा हिशेब. आता थोडं थोडं, दोन-दोन घास वाढवत सगळं खाते. बाफला अजून अर्धाच.

बिल्डिंगमध्ये "हिची पिशवी काढली" अशी बातमी गेली होती. आपल्याकडे पिशवी म्हटलं की एकच. एक आजी भेटायला आल्या, पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "असू दे बाळा, एक मुलगी आहे ना पदरात." मी खुलासा केला. त्यांना हायसं वाटलं आणि थोडी निराशाही, असं मला उगाच वाटून गेलं.

या सगळ्यात आई माझ्याजवळ होती आणि माझी कळ कुठून कुठे जायची ते ऐकत होती. एका दुपारी माझे ड्रेसिंगचे कापूस गुंडाळताना म्हणाली, "माझंही खवाट्यातच जातं गं." वीस वर्षांचं पित्त! पुढच्या सोमवारी तिला उपाशीपोटी नेलं. तीन खडे. पित्ताशयाची भिंत जाड झालेली. सर्जननी तिची साखर आणि बीपी बघून ऑपरेशन लवकर करायला सांगितलं. आई त्यांना म्हणाली, "आमच्याकडे महालक्ष्म्या असतात, त्या झाल्या की." घरी आल्यावर बाबा तिच्यावर चिडले, दादा पुण्याहून फोनवर चिडला. ती कुणाशी काही बोलली नाही.

दोघींनी मिळून मध्यम मार्ग काढला. तारीख महालक्ष्म्यांच्या आधीची घेतली, चार आठवडे हातात ठेवून. यंदा पुरण मी वाटायचं आणि सोळा भाज्या चिरायला जाऊबाई येणार. आईने दवाखान्याची बॅग भरलीसुद्धा. पाट तेवढा माझ्याकडून परत मागवलाय, नात तिच्याही पलंगावर चढणार म्हणून.