चार आणि चार चार

बाबांची अख्खी नोकरी लेखा विभागात गेली, त्यामुळे घरातला कुठलाही खर्च त्यांच्यापुढे मांडायचा तर बेरीज पक्की लागते. नॅसमध्ये दुसरी हार्ड डिस्क घालायची आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आधीची केवढी आहे?"

"चार टीबी."

"आणि नवी?"

"तीही चारच."

"मग जागा किती होणार?"

"चारच."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "चार आणि चार चार? आमच्या ऑफिसात अशा बेरजेवर मेमो मिळायचा."

आमचा नॅस म्हणजे राउटरशेजारी बसलेला एक काळा डबा. त्यात दोन खण आहेत. डिस्क पहिल्याच खणात होती, दुसरा घेतल्यापासून रिकामा. घरातल्या सगळ्यांचे फोन, माझा लॅपटॉप, बैठकीतला टीव्ही असं सगळं वायफायवरून त्या डब्याशी बोलतं. फोटो आहेत, घराचे कागद स्कॅन करून ठेवलेत. पण डबा घेतला तो बाबांच्या कॅसेटींसाठी. आकाशवाणीचं पुणे केंद्र आणि सवाई गंधर्व महोत्सव दोन्ही १९५३ सालचे. त्या दोहोंच्या छायेत वाढलेल्या पिढीला गाणं ऐकण्याइतकाच ते जपून ठेवण्याचाही नाद होता. बाबांनी रेडिओवरून, ओळखीच्यांच्या घरगुती बैठकांतून आणि नुसत्या गप्पांमधूनही कॅसेटी भरल्या. पुण्याच्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरायला लागली, तेव्हा मी एकेक कॅसेट डेकवर लावून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा दर्जाने एक तास उतरवला की साधारण दोन जीबी होतात, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला तीन. हे काम पुन्हा होण्यासारखं नव्हतं. काही टेपा डेकमधून जाताना शेवटचंच वाजल्या. चॉकलेटी भुकटी हेडवर राहिली आणि पट्टी पारदर्शक होऊन बाहेर आली.

म्हणजे आता जे काही होतं ते एका डिस्कवर. आणि डिस्क जाते. आत पत्र्यासारख्या चकत्या मिनिटाला हजारो वेळा फिरत असतात, त्यांच्यावरून वाचणारी सुई (तिला हेड म्हणतात) काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगते. हे वर्षानुवर्षं, रात्रंदिवस चालतं याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या डिस्कचं काय करायचं यावर घरात दोन तट पडले. शिकायला आमच्याकडे राहणारा भाचा बाबांच्या बाजूने. दोन्ही डिस्का सलग जोडल्या तर आठ टीबी मिळतात आणि त्याच्या राजगड-हरिश्चंद्रगडाच्या व्हिडिओंची सोय होते. सोय होते हे खरंच. पण सलग जोडणीत दोहोंपैकी एक गेली तरी सगळंच पणाला लागतं. यंत्रं दोन म्हणजे बिघडायची शक्यताही वाढलेली. मला हवं होतं ते रेड १, म्हणजे आरसा. पहिलीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही. कल्पना जुनीच आहे. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका निबंधात स्वस्त डिस्का एकत्र बांधून भरवसा कसा मिळवायचा याच्या पद्धतींना क्रमांक दिले, त्यातली ही पहिली.

"म्हणजे कार्बन कॉपी," बाबा म्हणाले. मी हो म्हटलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "पण मग याने," भाच्याकडे बोट, "चुकून एखादं फोल्डर उडवलं, तर कार्बनवरूनही उडणार."

उडणारच. रेडविषयी सगळ्यात आधी कळायला हवं ते हेच आणि ते माणसाला डबा घेतल्यावर बऱ्याच दिवसांनी उमगतं. बाबांनी ते चहा गाळेपर्यंत काढलं. आरसा फक्त एका संकटावर उतारा आहे: यंत्र मरणं. खोडलेलं, चोरलेलं, व्हायरसने कुलूपबंद केलेलं काहीही तो परत देत नाही. पण त्या एका संकटासाठी चार आणि चार चार ही बेरीज त्यांनी मंजूर केली. भाच्याचे व्हिडिओ एका पोर्टेबल डिस्कवर गेले. गड जागेवर आहेत, परत चढता येतील.

डिस्क घ्यायला तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतल्या या बोळात कॅपॅसिटरपासून सोलर पॅनेलपर्यंत काहीही मिळतं; फक्त आपल्याला काय हवं ते नेमकं सांगता आलं पाहिजे. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "सीसीटीव्हीला का?" हल्ली मोठ्या डिस्का जातात त्या बहुतेक सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांसाठी. सर्व्हेलन्सची डिस्क जरा स्वस्त पडेल म्हणाला. पण ती बनवलेली असते अखंड लिहिण्यासाठी, आणि मला हवी होती नॅसची, शेजारी दुसरी डिस्क थरथरत असताना काम करणारी. त्यातही एसएमआर नको, सीएमआर दे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. एसएमआर डिस्कवर कौलांसारखे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. जागा वाचते, पण आरसा पुन्हा बांधायची वेळ आली की ती फार रेंगाळते. २०२० मध्ये काही नॅसच्या म्हणून विकलेल्या डिस्कांतच हे तंत्र न सांगता वापरल्याचं उघड झालं आणि तेव्हापासून लोक विचारून घेतात.

आणखी एक मागणी होती: आधीच्या डिस्कच्याच महिन्यातली, त्याच लॉटमधली नको. एकाच घाण्यातून निघालेल्या, एकाच वयाच्या, एकाच डब्यात तापलेल्या दोन डिस्का मागेपुढेच आजारी पडू शकतात. दुकानदाराने खोकं उलटंपालटं करून तारीख दाखवली. दराबद्दल कुरकुर केली तर २०११ ची आठवण काढली. थायलंडला पूर आला होता, तिथले कारखाने पाण्यात गेले, आणि जगभर डिस्कांचे भाव दुपटीच्या घरात गेले. "पूर तिकडं, भाव इकडं," म्हणाला आणि जीएसटीचं बिल फाडलं.

मुहूर्तावर बाबा अडून बसले. श्रावण चालू होता. आम्ही नारायण पेठेत, नदी जवळ. संध्याकाळ झाली की नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू. बाबांचा प्रश्न साधा होता: डिस्क थरथरीला भिते म्हणतेस, मग हा ढोल तिला चालेल? मला हसू आलं, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ब्रेंडन ग्रेग नावाच्या अभियंत्याने २००८ मध्ये डिस्कांच्या मांडणीवर तोंड नेऊन जोरात ओरडून दाखवलं होतं. त्यासरशी डिस्कांचं काम अडखळलेलं आलेखावर दिसलं. २०१६ साली बुखारेस्टमध्ये एका बँकेत आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी चालू असताना वायू सुटल्याच्या नुसत्या आवाजाने डिस्का नादुरुस्त झाल्या होत्या. नदीवरचा ढोल आमच्या खिडकीपर्यंत येईतो तितका राहत नाही. विसर्जनाला केळकर रस्त्यावर उभ्या केलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरांची गोष्ट निराळी. तेव्हा आमच्या कपाटातल्या वाट्या वाजतात. गणपतीच्या आत उरकायचं आणि रात्रीचं करायचं, असं ठरलं. गुरुवार टाळायचा हे सांगायलाच नको. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते हे लहान मुलालाही पाठ असतं. इन्व्हर्टर आहे, पण त्याचं बटण यूपीएस मोडवर नसेल तर दिवे चालू राहतात आणि नॅस मात्र त्या क्षणभरात बंद पडून पुन्हा सुरू होतो. ते बटण फिरवून घेतलं.

बसवायला काहीच लागत नाही. चंदेरी पिशवीतून डिस्क काढली. हाताला लागतो तो तिचा जडशीळ गारवा. एवढीशी वस्तू, पण पोलादी वजनमापासारखी. ट्रे बाहेर ओढला, खालून चार स्क्रू हाताने लावून मग स्क्रूड्रायव्हरने अर्धा आटा फिरवला, ट्रे परत आत सरकवला. शेवटच्या बोटभर अंतराला किंचित अडतो, तिथे तळव्याने दाब दिला की आतला सॅटाचा सांधा बसल्याचं मनगटाला कळतं. हे सगळं डबा चालू असतानाही करता येतं असं माहितीपत्रक म्हणतं. मी बंद करूनच केलं.

आरसा बांधायच्या आधी डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, म्हणजे स्मार्ट माहिती, उघडली. जुनी डिस्क धुऊनपुसून नवी म्हणून खपवण्याचे प्रकार होतात, म्हणून पॉवर ऑन अवर्स बघायचे. शून्य होते. रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे बिघडलेल्या आणि संशयित जागाही शून्य. बाबा मागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांना भलतंच दिसलं.

"खोक्यावर चार लिहिलंय. हा तीन पॉइंट सहा दाखवतोय. बाकीचे कुठे?"

कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि यंत्र एक हजार चोवीसच्या, म्हणून आकडा घटतो, असं सांगितलं. हिशोब त्यांनी पेपराच्या कडेला करून पाहिला, जुळला. पण कंपनीबद्दलचं त्यांचं मत सुधारलं नाही.

मग आरसा बांधायला लावला. पहिली डिस्क निम्मीच भरलेली, तरी यंत्र पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सगळंच उतरवून घेतं, रिकामी पानंसुद्धा. सेकंदाला दीडशे एमबी धरले तर चार टीबीला सात-साडेसात तास लागतात. आतल्या वर्तुळांवर वेग उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी. बाबा झोपायला जाताना टक्के विचारून गेले. सकाळी फिरून आले तेव्हाही काम चालूच होतं आणि त्यांनी लगेच कोणती तरी भैरवी लावायला सांगितली, चालतंय का बघायला. चाललं.

ट्रेवर मी पांढरी पट्टी चिकटवून दोन्ही डिस्कांचे सीरियल नंबर लिहिले. डिस्क मेल्याचा निरोप येतो तो नंबराने, आणि घाईत जिवंत असलेलीच डिस्क ओढून काढल्याच्या कहाण्या कमी नाहीत.

पण दोन्ही डिस्का एकाच डब्यात, डबा नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, तेव्हा बाबा शाळेत होते. आमच्याकडे त्या सालाआधीचा एकही फोटो नाही. आजी-आजोबांच्या लग्नाचा एक होता म्हणतात, ट्रंकेत. ट्रंक सापडली. पुराचं म्हणावं तर ती काही जुनीच गोष्ट नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी होतंच. आणि फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ८ जानेवारी २००३ ला लागलेल्या आगीत नायट्रेटवरची जुनी रिळं गेली, तेव्हा पेटलेलं होतं ते खास जपणुकीसाठी बांधलेलं कोठार.

म्हणून तिसरी प्रत निगडीला, ताईकडे. पोर्टेबल डिस्का दोन घेतल्या. एक तिच्या कपाटात असते, दुसरीवर मी नवं काय ते उतरवून ठेवते. ताई लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला आली की अदलाबदल. या डिस्का डब्याला कायम जोडलेल्या नसतात, त्यामुळे इथे कोणी काही उडवलं तरी तिकडे ते असतं. बाबांनी या सगळ्याला एक रजिस्टर घातलं आहे. नंबर, खरेदीची तारीख, वॉरंटी कधीपर्यंत, सध्या मुक्काम कुठे. शेवटचा रकाना 'उघडून पाहिली' असा. तो त्यांनी स्वतःहून आखला.

ताईने परवा तिच्याकडची उघडली. गाण्यांत तिला रस नाही, ती थेट गप्पांच्या फोल्डरात शिरली आणि तासाभराने तिचा फोन आला. आजी टेपवर पुरणाला डाळीइतकाच गूळ सांगते आहे, आई आयुष्यभर पाऊणपट घालत आली; हे कसं काय? आईने फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंचा गूळ तेव्हा कमी गोड असायचा असा बचाव केला. बाबांनी तेवढ्यात रजिस्टर काढून तारीख टाकली.